शाळेच्या बसमध्ये सीट बेल्ट असावेत का?

असावेत. पण नुसते कमरेचे नकोत, खांद्यावरून येणारे हवेत.

बस एवढी मोठी आणि जड, मग बेल्ट कशाला, असं तुम्ही विचारलंय. त्यात तथ्य आहे. कारशी टक्कर झाली तर जास्त धक्का कारलाच बसतो, शिवाय मुलं उंचावर बसलेली असतात. अमेरिकेत १९७७ पासून मोठ्या स्कूल बसच्या सुरक्षिततेचा भर सीटवरच आहे: सीट एकमेकींच्या जवळ, पाठी उंच आणि जाड गादीच्या. समोरून धडक बसली की मूल पुढच्या गादीवर आदळून तिथेच अडतं. म्हणून तिथल्या केंद्रीय नियमात मोठ्या बसना बेल्टची सक्ती नाही, लहान बसना मात्र आहे.

आता हाच दाखला कुठल्याही बससाठी दिला जातो, आणि मला राग येतो तो इथे. माझ्या मुलीच्या बसमध्ये मी एकदा चढून पाहिलं. पुढच्या सीटच्या पाठीवर, बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीला, लोखंडी नळी होती. गादी नावालाही नाही. ताशी ४० किलोमीटरने जाणारी बस एकदम थांबली, तर मूल त्याच वेगाने पुढे जातं. साधारण सहा मीटर उंचीवरून पडल्यावर येतो तेवढा तो वेग. मध्ये काय येणार, तर ती नळी.

आणि गादीच्या सीटही बस उलटली की कामाच्या नाहीत, कारण मूल पुढे नाही, बाजूला आणि वर फेकलं जातं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, चॅटनूगा शहरात बस रस्ता सोडून उलटली, झाडावर आदळली, सहा मुलं गेली. मुलांच्या सीटना बेल्ट नव्हते. त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय अपघात तपास मंडळाने नव्या मोठ्या बसमध्ये खांद्याचे बेल्ट सक्तीचे करा, अशी शिफारस राज्यांना केली.

कमरेचाच पट्टा असेल तर धडकेत मूल कमरेत दुमडतं. डोकं पुढे आपटतं, पट्टा पोटात रुततो, आतडी आणि मणके दुखावतात. स्वस्त पडतो म्हणून तो बसवू नये.

आग लागली तर मुलं अडकतील, ही भीती मलाही होती. पण फेकलं जाऊन बेशुद्ध पडलेलं मूल दाराकडे चालत येत नाही. शुद्धीवरचं मूल बकलचं बटण दाबून सुटू शकतं, त्याची सवय मात्र आधी करून घ्यायला हवी. धूर झाला की काय करायचं, हे वर्षातून दोन-तीनदा प्रत्यक्ष करून घ्या.

खरी अडचण वेगळीच आहे. सात वर्षांचं मूल मित्राशी बोलायला मागे वळतं आणि बेल्ट सोडतं. ड्रायव्हरने रस्ता बघायचा की आरसा? म्हणून बसमध्ये दुसरं मोठं माणूस लागतंच. शिवाय अमेरिकेत स्कूल बसच्या अपघातांत बसमध्ये बसलेली जितकी मुलं जातात, त्यापेक्षा चढता-उतरताना किंवा रस्ता ओलांडताना गाडीखाली येऊन जाणारी मुलं जास्त असतात. तिथे बेल्ट काहीच करत नाही. हाताला धरून पलीकडे नेणारं माणूसच लागतं. तुमच्या शाळेकडे यंदा दोन्हींपैकी एकाचेच पैसे असतील, तर आधी ते माणूस मागा आणि बेल्टचं पुढच्या वर्षासाठी लेखी घ्या.