"तुला पाहिजे ते कर" म्हणणारा मुलगा

प्रश्न: मुलगा अकरावीला आहे, सायन्स आम्हीच घ्यायला लावलं, क्लास, टाइमटेबल, मोबाइल किती वेळ सगळं मीच ठरवते. आधी खूप भांडायचा, आता काहीही विचारलं तरी "तुला पाहिजे ते कर" एवढंच म्हणतो. सुधारला समजू का? – एक आई, सांगली

उत्तर: नाही हो ताई, मला तर भांडणापेक्षा ही शांतताच जास्त काळजीची वाटते. स्वातंत्र्यावर गदा आली की माणूस आधी उसळतो, नको म्हणाल नेमकं तेच करायला बघतो, जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हेच मांडलं. पण उसळून काहीच बदलत नाही हे कळलं की काही मुलं लपवाछपवी करतात आणि काही सरळ हात टेकतात, म्हणजे पुस्तक उघडं असतं पण तासभर पान तेच. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी तर स्वतःचं स्वतः ठरवता येणं ही माणसाची मूलभूत मानसिक गरजच मानली.

मोकाट सोडा असं नाही म्हणत मी. अभ्यास व्हायला हवा हे ठाम सांगा, का ते पण सांगा, पण आधी कुठला विषय, सकाळी की रात्री, क्लास हवा की नको हे खरंच त्याच्यावर सोडा, विचारल्यासारखं करून परत आपलंच खरं करू नका, मुलांना ते लगेच कळतं. परत भांडायला लागला तर घाबरू नका, ऐकून घ्या. सायन्सचं पण एकदा मोकळेपणाने विचारा. आणि जेवण, झोप, मित्र सगळंच सुटलं असेल तर समुपदेशकाकडे जायला उशीर नको.