कागदाचं विमान सोडताच नाकावर का आपटतं?

पंखांच्या मागच्या कडा बोटाने जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वर वळवा, विमान नाकावर आपटायचं थांबेल. घड्या पुढे जास्त बसतात, म्हणून वजन नाकाकडे असतं. ते हवंच, नाहीतर विमान गटांगळ्या खातं. पण त्याचा तोल सांभाळायला शेपूट खाली दाबली जावी लागते. वळवलेली कडा हवा वर ढकलते, शेपूट दबते, नाक उचललं जातं. मुलांना ए-फोर कागदाची विमानं शिकवते, तिथे बहुतेकदा एवढंच पुरतं. मात्र विमान आधी वर चढून, क्षणभर थबकून धपकन पडत असेल, तर कडा जास्त वळली आहे. थोडी सपाट करा. आणि जोरात भिरकावू नका, समोर अलगद सोडा.