हवाईत लेहुआचं फूल तोडलं की पाऊस येतो म्हणतात, ते का? आणि हे फूल ज्याला येतं त्या ओहिया झाडाच्या जंगलात फिरताना काय पाळावं?

पावसाची समजूत पेले या ज्वालामुखीच्या देवीच्या कथेतली आहे. तिला ओहिया नावाचा तरुण आवडला, पण त्याचं प्रेम लेहुआवर. त्याने नकार देताच पेलेने त्याचं झाड करून टाकलं. इतर देवांना लेहुआची दया आली, त्यांनी तिला त्याच झाडावरचं फूल केलं. फूल तोडलं की दोघांची ताटातूट होते आणि पाऊस पडतो.

पण फुलाला हात लावणंच निषिद्ध होतं असं नाही. हुला या हवाईच्या पारंपरिक नृत्याचे नर्तक हुलाची देवी लाका हिला लेहुआ वाहत आले आहेत, त्याचे हार घालत आले आहेत. फक्त डोंगर चढताना तोडायचं नाही, परवानगीची प्रार्थना करून परतीच्या वाटेवर घ्यायचं, अशी रीत.

झाड जांभळाच्या कुळातलं. शिरीषासारखा लाल झुबका म्हणजे सगळे पुंकेसर. त्यातल्या मधावर आपापाने, ईइवी हे पक्षी जगतात. थंड झालेल्या लाव्हाच्या भेगांत सर्वांत आधी रुजणाऱ्या झाडांत ओहिया येतो, म्हणून पेलेशी त्याचं नातं इतकं घट्ट.

आज खरी काळजी रोगाची आहे. २०१४ मध्ये ओहियाची झाडं मारणारी सेराटोसिस्टिस ही बुरशी ओळखली गेली. ती साल सोललेल्या किंवा फांदी तुटलेल्या जागेतून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. लागण झालेलं झाड कित्येक महिने हिरवंगार दिसतं, मग काही दिवसांत किंवा आठवड्यांत पानं पिवळी, तपकिरी होतात, तरी गळत नाहीत. अशा झाडावर औषध नाही. बुरशी बुटांना चिकटलेल्या मातीतूनही पसरते, म्हणूनच निरोगी दिसणाऱ्या झाडाखालून आलात तरी बूट साफ करायलाच हवेत.

जंगलात जाण्याआधी आणि आल्यावर, दोन्ही वेळा, आधी ब्रशने तळव्यातली माती पूर्ण काढा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. लोक घाईत चिखलावरच फवारतात. मातीच्या थराखाली ते पोचत नाही. कपडे गरम पाण्यात साबणाने धुवा, गाडीची चाकं आणि खालची बाजूही धुवून घ्या. खोडावर नाव कोरू नका, फांदीला लटकू नका, मुळांवर पाय देऊ नका. ओहियाचं लाकूड, फांदी किंवा माती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेऊ नका. त्यावर राज्याच्या कृषी खात्याचे निर्बंध आहेत. कुणी लेहुआचा हार दिलाच, तर ती फुलं जिथून आली त्याच जंगलात परत ठेवायला त्यांच्याकडेच द्या.