प्लेयर नाही तरी एलपी घेतोय, वेडेपणा आहे का?

प्रश्न: नमस्कार, रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायची सवय लागलीये आणि दर वेळी एखाददुसरी एलपी (गाण्यांची मोठी रेकॉर्ड) उचलून आणतो. प्लेयर नाहीये, खरं सांगायचं तर कव्हर आवडलं म्हणून घेतो. बायको म्हणते रद्दी आणतोस. विकणारा प्रत्येक रेकॉर्डला ‘रेअर आहे साहेब’ म्हणतो, तर घेताना बघायचं काय? आणि कव्हर फ्रेम करून लावली तर चालतील का? – एक वाचक, पुणे

उत्तर: अहो, कव्हरसाठी घ्या की बिनधास्त, त्यात लाजायचं काय! एलपीच्या आधीच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या बहुतेक साध्या कागदी पाकिटात यायच्या, लेबल दिसावं म्हणून मधे गोल भोक, संपला विषय. १९४०च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीतल्या अॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण डिझायनरने कव्हरवर गाण्याला शोभेल असं चित्र छापायचं डोक्यात घेतलं, मग १९४८ला एलपी आली आणि बारा इंची चौकोन चित्रकारांना आंदणच मिळाला. तेव्हा तुम्ही जे गोळा करताय ती रद्दी नाही, छापील चित्रं आहेत, हे घरी सांगून बघा (पटेलच असं नाही).

पण नुसती पुढची बाजू बघून ठेवून देऊ नका, कव्हर उलटा. शास्त्रीय संगीताच्या एचएमव्हीच्या एलपींवर मागे राग, ताल, गायकाबद्दल दोन-तीन परिच्छेद असतात, बरेचदा इंग्रजीत आणि जरा जडच, पण वाचायला मजा येते. गायिका किशोरीताई आमोणकरांची भूप-बागेश्रीची एलपी हाताला लागली तर सोडू नका, एका बाजूला जेमतेम वीस-बावीस मिनिटं मावतात, मैफलीत तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवायचा म्हणजे काय काम असेल बघा.

आता ‘रेअर’चं. हिट सिनेमांच्या एलपी खंडीभर निघाल्यात, शोलेच्या डायलॉगची पॉलिडोर कंपनीची एलपी तेव्हा तुफान खपली, म्हणून आज कुठेही दिसते, रेअर वगैरे काही नाही. कव्हरवरचा नंबर आणि आतल्या लेबलवरचा नंबर जुळतोय का ते आधी बघा, कारण बाजारात कव्हर एकाचं आणि तबकडी दुसऱ्याची असं सर्रास असतं. मग तबकडी उजेडात तिरकी धरा, ओरखड्यावरून हळूच नख फिरवा, नख अडकलं तर सुईही उडी मारणार. कव्हरला ओल लागलेली असेल, कडा उसवून आत कसर लागली असेल तर कितीही स्वस्त दिली तरी नको, घरची बाकीची पुस्तकंही जातील.

फ्रेम जरूर करा, पण कव्हर कापू नका, चिकटवू नका, तबकडी काढून वेगळ्या पाकिटात उभी ठेवा (आडव्या थप्प्या लावल्या की खालच्या वाकतात). काच कव्हरला टेकू देऊ नका, पावसाळ्यात चिकटते आणि काढताना छपाई उचलून येते. आणि ऊन येतं ती भिंत टाळा, लाल-पिवळा आधी उडतो, मग सगळे कलाकार निळसर आजारी दिसायला लागतात 😄

प्रश्न: आजोबांच्या पेटीत एलपी आणि ७८ दोन्ही निघाल्या. कव्हरवर बुरशी आहे, वर पेनने आजोबांचं नाव न् तारीख. नाव पुसता येईल का? तबकड्या स्पिरिटने पुसू का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: ७८ला स्पिरिट अजिबात लावू नका! त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ कपडा किंचित ओला करून खाचांच्या दिशेने पुसा, लेबल भिजू देऊ नका, लगेच कोरडं करा. बुरशी अंगणात नेऊन मऊ कोरड्या ब्रशने झटका, तोंडाला मास्क लावा, मग सावलीत वाऱ्यावर ठेवा, आणि तुमच्याकडच्या दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवायचा मोह टाळा. शाई काढायला जाल तर खालची छपाई आधी जाईल, आणि मुळात आजोबांचं नाव कशाला पुसायचं हो? विकायचं असेल तर भाव थोडा कमी येईल, येऊ दे की.

आणि हो, वाजवायचा मोह होणारच. एलपीची बारीक सुई ७८ला लावू नका, ७८च्या खाचा रुंद असतात, सुई वेगळी लागते. आणि ते सुटकेससारखे स्वस्त प्लेयर दिसायला गोंडस असले तरी त्यातल्या बऱ्याच प्लेयरमध्ये सुईचा भार पाच-सहा ग्रॅम असतो, बऱ्या प्लेयरला दोनच्या आसपास पुरतो, म्हणजे एलपी झिजते किती ते बघा. थोडे थांबा, पैसे साठवा, नाहीतर सेकंडहँड पण चांगला घ्या.