गवती चहाचं तेल नैसर्गिक असूनही पुरळ का उठलं? घरच्या रोल-ऑनमध्ये किती थेंब घालावेत?

आधी तुमच्या बाटलीचा हिशेब मांडतो. तुम्ही लिहिलंय की १० मिलीच्या रोल-ऑनमध्ये गवती चहाच्या तेलाचे ४० थेंब घातले, वर खोबरेल भरलं, डासांसाठी मनगटाला आणि मानेला लावलं आणि तिसऱ्या दिवशी लालभडक पुरळ उठलं. ढोबळ मानाने २० थेंबांचं १ मिली होतं. म्हणजे १० मिलीत २ मिली, झालं २० टक्के. या तेलाची कातडीवरची सुरक्षित मर्यादा ०.७ टक्क्याच्या आसपास धरतात. तुमचं मिश्रण जवळपास तीसपट कडक होतं. पुरळ उठायला तिसरा दिवस का लागला, याचंच मला नवल वाटलं.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत, सुगंधी तेलांच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. आलेल्या पिंपातून नमुना काढायचा, गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, टोचायचा आणि कागदावर उमटलेले पीक मोजायचे (शेतातलं पीक नव्हे, आलेखातले उंचवटे). गवती चहाच्या कागदावर दोन उंच पीक शेजारीशेजारी उभे दिसतात, नेराल आणि जेरानियाल. दोघांना मिळून सिट्रल म्हणतात, आणि तेलाचा साधारण ७० ते ८० टक्के भाग तेच असतं. तो लिंबासारखा वास त्याचाच. सिट्रल हे अल्डिहाइड आहे आणि अल्डिहाइडची खोड अशी की प्रथिन दिसलं की त्याला जाऊन चिकटायचं. कातडीतलं प्रथिन असं बदललं की शरीराला ते परकं वाटतं. एकदा ही ओळख पक्की झाली की पुढच्या वेळी थोड्याशा तेलानेही खाज सुटते. म्हणून तुम्ही आता गवती चहाचं तेल अंगाला लावणं बंदच ठेवा, पातळ करूनसुद्धा. पुरळ गेलं नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि बाटलीही सोबत न्या.

"पण गवती चहा तर आम्ही रोज पितो" असंही तुम्ही म्हणताय. चहात आपण दोन पाती चुरगळून टाकतो. एक किलो ओल्या पातीतून तेल निघतं ते फार तर ३-४ मिली. तुमच्या त्या बोटभर बाटलीत अर्धा किलोहून जास्त गवत बसलं होतं.

सासूबाईंच्या अमृतधारेबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीय, की बाळाच्या पोटदुखीवर एक थेंब देऊ का म्हणून त्या विचारतात. मला खरी काळजी त्याच ओळीची वाटली.

माझी आई पावसाळा तोंडावर आला की अमृतधारा करायची. जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून तीन पुड्या यायच्या. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल. तिन्ही पांढरे, तिन्ही कोरडे. काचेच्या बाटलीत सारखे भाग टाकून घट्ट बूच लावायचं आणि हलवायचं. ना पाणी, ना आच. आधी खड्यांच्या कडा ओलसर होतात, मग ते काचेला चिकटून घसरायला लागतात, आणि थोड्या वेळात आत नुसतं स्वच्छ पाणी डुलताना दिसतं. लहानपणी मी ती बाटली उजेडासमोर धरून बघत बसायचो. एकटा कापूर वितळवायला १७५ अंशांपर्यंत तापवावं लागतं, पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल ४२ च्या आसपास वितळतं, ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल ५० च्या आसपास. पण एकत्र आले की ते एकमेकांच्या स्फटिकांची घडी बसू देत नाहीत आणि मिश्रण घरातल्या तापमानालाच पातळ होतं. याला युटेक्टिक मिश्रण म्हणतात.

घोटाळा असा की ते पाण्यासारखं दिसतं म्हणून मनात हिशेबही पाण्याचाच येतो. त्यात पाण्याचा थेंब नसतो. बाटलीचा तिसरा हिस्सा निव्वळ कापूर असतो. अमेरिकेत अंगाला चोळायच्या मलमातसुद्धा ११ टक्क्यांहून जास्त कापूर चालत नाही. कापूर पोटात गेला की लहान मुलांना झटके येतात आणि त्यासाठी फार मोठी मात्रा लागत नाही. मेंथॉल तान्ह्या मुलाच्या नाकाशी आणलं तर श्वास अडकू शकतो. तुमचं बाळ चौदा महिन्यांचं. त्याला अमृतधारा पोटातून नाही, बेंबीला नाही, छातीलाही नाही. सर्दीसाठी उशाशी नीलगिरीचा रुमाल ठेवता तोही काढा. नीलगिरीच्या तेलात बहुतांश सिनिओल असतं, आणि चमचाभर तेल पोटात गेलं तर मूल बेशुद्ध पडू शकतं. रुमालाचा वास एकवेळ चालून जाईल, पण रुमालाशेजारी बाटली असते आणि चालायला लागलेल्या मुलाचा हात तिथे पोहोचतो. यदाकदाचित प्यायलंच, तर उलटी काढायला जाऊ नका, तेल फुप्फुसात शिरतं. बाटली हातात घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.

आता मोठ्यांसाठी किती थेंब ते. ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ६ थेंब म्हणजे १ टक्का, १२ थेंब म्हणजे २ टक्के. चेहऱ्याला अर्धा ते एक टक्का, हातापायाला दोनपर्यंत, तेही लव्हेंडरसारख्या सौम्य तेलाचं. लवंग तेलाला अर्धा टक्का पुरे, कारण त्यात युजेनॉलच ७० ते ९० टक्के असतं. दालचिनीच्या सालीचं तेल घरच्या प्रयोगात आणूच नका, त्याची मर्यादा ०.०७ टक्के आहे आणि घरच्या ड्रॉपरने ती मोजता येत नाही. सगळ्या बाटल्यांचे थेंब सारखे नसतात. मेडिकलमधून १ मिलीची सिरिंज आणा आणि किती थेंबांत ती भरते ते एकदा मोजून बघा. मी मोजले तेव्हा एका बाटलीचे २२ भरले आणि दुसरीचे ३३.

पाण्यात थेंब टाकून केलेला स्प्रे मला पटत नाही. तेल वर तरंगतं, बाटली कितीही हलवा, कधी फवाऱ्यात नुसतं पाणी येतं तर कधी नुसतं तेल. वर आठवड्याभरात त्या पाण्यात जिवाणू वाढतात ते वेगळंच. डासांवर गवती चहाचा वास तासा-दोन तासांत उडून जातो. घोडबंदर रोडला पावसाळ्यात काय डास असतात ते तुम्हाला सांगायला नको, बाळासाठी मच्छरदाणीच लावा. थंड दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात जाऊ नका, त्यातल्या फ्युरोकुमारिनमुळे कातडी भाजून काळे डाग पडतात. घरात मांजर असेल तर टी ट्रीचं (ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाचं) तेल नकोच. मांजराच्या यकृताला असली द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत.

साठवण्याबद्दल मात्र मीच शहाणा ठरलो नाही. टी ट्रीची अर्धी बाटली आमच्या बंद गॅलरीच्या कपाटात दोन उन्हाळे पडून होती. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, तेव्हा तेच न पातळ करता लावलं. रोज तेलांचे कागद वाचणारा माणूस! चौथ्या दिवशी पाऊल सुजून चप्पल घालता येईना. तेलं हवेशी संयोग पावून जुनी होतात, त्यात पेरॉक्साइडं तयार होतात आणि कातडीला चिडवतात ती तीच. लव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्यातलं लिमोनीनही असंच बिघडतं. म्हणून तपकिरी काचेची, शक्यतो भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा बंद डब्यात, आणि उघडल्याची तारीख वर लिहा. संत्र्याचं तेल वर्षभराने लादी पुसायला वापरून टाका. प्लास्टिकमध्ये का नको, हे बघायचं असेल तर संत्र्याच्या तेलाचा एक थेंब थर्माकोलच्या तुकड्यावर सोडा. तुकडा तिथल्या तिथे खचतो आणि खाली चिकट भोक उरतं.

खरेदीचं थोडक्यात. लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव आणि बॅच नंबर हवा, मागितल्यावर जीसी रिपोर्ट, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफचा तो कागद, मिळायला हवा. चंदनाचं तेल किलोला लाखाच्या घरात जातं, तेव्हा दीडशे रुपयांना १० मिली "शुद्ध चंदन" मिळालं तर काय मिळालं ते समजून घ्या.

असे रोल-ऑन सोसायटीच्या दिवाळी स्टॉलवर विकायचा तुमचा विचार तूर्त बाजूला ठेवा. अंगाला लावायची वस्तू विकायला बनवली की कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो, आणि घरच्या ओट्यावर तो मिळत नाही. कपाटात ठेवायच्या सुगंधी पोटल्या करा, वाळा आणि कापूरकाचरीच्या. त्या माझी बायकोही करते, आणि त्यांनी कुणाला पुरळ उठल्याचं अजून ऐकलं नाही.

सासूबाईंना न दुखवता ती अमृतधारा वरच्या फळीवर कशी न्यायची, ते मात्र तुम्हालाच जमवावं लागेल. आमच्याकडे आईने ती स्वतःच उचलून देवघराच्या कुलूपवाल्या कप्प्यात ठेवली, पण त्याआधी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.