वार अडवला, झेलला की परतवला?

प्रश्न असा आहे: 'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या लाइटसेबरच्या, म्हणजे प्रकाशाच्या पात्याच्या तलवारीच्या (थोडक्यात सेबर), शैलींची तुलना मराठीत लिहायची आहे. सोरेसु, शिएन, जेम सो या तिन्ही 'बचावात्मक' म्हटल्या तर चालेल का? आणि 'वार अडवणे', 'वार झेलणे', 'वार परतवणे' हे एकमेकांऐवजी वापरता येतात का?

'बचावात्मक'वर भागणार नाही. वर्तमानपत्रांनी 'बचावात्मक पवित्रा' इतका गुळगुळीत करून टाकलाय की हात कसा फिरला, पाय कुठे पडला, यातलं काहीच त्यातून डोळ्यांपुढे येत नाही. शिवाय पवित्रा म्हणजे उभं राहण्याची ढब. ओबी-वान हा जेडाय योद्धा मूठ डोक्याजवळ मागे ओढतो, पातं पुढे रोखतो आणि मोकळ्या हाताची दोन बोटं समोर धरतो, तो पवित्रा. त्यानंतर तो जे लढतो ती सोरेसु, म्हणजे शैली. या शैलींमधला फरक सांगायला मराठीत विशेषणापेक्षा क्रियापद जास्त कामाला येतं.

सोरेसु ही सातांपैकी तिसरी शैली, ब्लास्टरच्या, म्हणजे तिथल्या बंदुकीच्या, माऱ्याला तोंड देण्यासाठी घडलेली. पातं अंगालगत ठेवायचं, हालचाल आखूड ठेवायची, दम राखायचा. हात लांब फेकला की दुसरी बाजू उघडी पडते आणि पातं परत यायच्या आत पुढचा वार पोचतो. म्हणून पसरट फटकारा हा या शैलीतला सगळ्यात महागडा दोष. इथे क्रियापद 'अडवणे' हेच, पण रूप जपून निवडा. 'त्याने वार अडवला' म्हटलं की काम एकदाच होऊन संपलं. सोरेसुत ते संपत नाही, म्हणून 'अडवत राहिला'. २००५च्या तिसऱ्या भागात ओबी-वानचा शत्रू ग्रीव्हस चार हातांनी चार सेबर चालवतो. तिथे 'ओबी-वान वार अडवत राहिला आणि फट दिसताच दोन हात छाटले' असं लिहिलं की शैली वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तिची उणीवही त्याच रूपात आहे: नुसतं अडवत राहून लढत जिंकता येत नाही, समोरच्याची चूक व्हावी लागते.

पाचव्या शैलीचा उगम याच उणिवेत आहे. सोरेसु फार सोशिक वाटणाऱ्यांनी ती घडवली आणि तिच्या दोन शाखा झाल्या. शिएन ब्लास्टरसमोरची, जेम सो सेबरसमोरची. दोघींना एकच क्रियापद लावलं की अनुवाद फसतो.

शिएनमध्ये ब्लास्टरची गोळी मारणाऱ्याकडेच धाडतात. ('बोल्ट'ला गोळी म्हटलेलं चालतं, 'किरण' नको, किरणाला टोला बसल्यासारखा वाटत नाही.) इथे बहुतेक जण 'परतवणे' लिहितात आणि अर्थ निम्माच पोचतो. 'हल्ला परतवून लावला' म्हणजे हल्ला मागे हटवला. तो हल्लेखोराच्याच अंगावर गेला असं त्यात येत नाही. 'लावणे' जोडलं की नुसतं हाकलून देण्याची छटा येते, कुठे ते ठरत नाही. शिएनसाठी 'उलटवणे' घ्या. त्याला '-वर' सहज लागतो: 'गोळी मारणाऱ्यावरच उलटवली'. सोरेसुत मात्र गोळी कुठेही गेली तरी चालते, आपल्याला लागली नाही म्हणजे झालं. तिथे 'बाजूला वळवली' पुरेसं. शंका आली तर वाक्यात 'मारणाऱ्यावर' घालून पाहा. बसलं तर शिएन, ओढूनताणून वाटलं तर सोरेसु.

जेम सोमध्ये दोन क्रिया आहेत आणि त्यांचा क्रम पक्का आहे. आधी वार घट्ट अडवायचा, लगेच त्याच जोरात उलट वार. मराठीतला '-ऊन' इथे नेमका बसतो: 'अडवून हाणला'. 'अडवता अडवता हाणला' लिहिलंत तर दोन्ही एकाच वेळी घडल्यासारखं होईल आणि शैलीच बदलेल. ओबी-वानचा शिष्य अनाकिन असा लढतो. 'प्रतिहल्ला' हा शब्द मोठ्या फौजेला शोभतो. एका पात्याच्या उत्तराला 'उलट वार' बरा. 'जड वार' लिहिताना जरा थांबा. लाइटसेबरच्या पात्याला जवळपास वजन नाही, सगळं वजन मुठीत. जेम सोचा भार खांद्याचा आणि अंगाचा असतो, तेव्हा 'जोरकस वार' म्हणा.

मकाशी, म्हणजे दुसरी शैली, प्रश्नात नव्हती, पण तुलनेत ती येणारच. ती सेबरविरुद्ध सेबर अशा द्वंद्वाची. खलनायक डुकू ती बहुधा एका हाताने, वाकड्या मुठीच्या सेबरने लढतो. वार तो छातीठोक अडवत नाही, पात्यावरून घसरू देतो. 'वार निसटवला' किंवा 'वार वाया घालवला' हे जवळचे शब्द. अशी हलकी पकड दोन हातांच्या जोरापुढे तोकडी पडते, आणि ब्लास्टरच्या माऱ्यासमोर तर ही शैली कामाचीच नाही.

आता 'झेलणे'. यात मोठा धोका आहे. 'त्याने वार झेलला' एवढंच लिहिलं तर वाचक त्याला जखमी समजतो, कारण 'छातीवर वार झेलला' हा आपला ओळखीचा प्रयोग. झेललेली गोष्ट झेलणाऱ्यापाशी थांबते. म्हणून 'पात्यावर झेलला' असं अधिकरणासकट, म्हणजे कुठे झेलला ते सांगून, लिहा, नाहीतर शब्द टाळा. 'थोपवणे' एका वारासाठी नको. लोंढा थोपवतात, चालून येणारी फौज थोपवतात, म्हणजे जोर चालू असावा लागतो. दोन पाती एकमेकांत अडकून दोघं रेटत असतील, तिथे 'थोपवून धरलं' एकदम चपखल. 'चुकवणे' अंगाचं काम आहे, पात्याचं नाही. जेडाय गुरू योदाच्या अटारूतल्या (चौथ्या शैलीतल्या) उड्या-कोलांट्यांना ते शोभतं, सोरेसुला नाही. 'वार चुकवला' आणि 'वार चुकला' यांतली गल्लतही सांभाळा. दुसऱ्यात चूक मारणाऱ्याची असते.

पोलादी तलवारीवरून आलेली एक सवय सोडावी लागेल. 'पात्याच्या पाठीवर वार घेतला' इथे चालत नाही. लाइटसेबरचं पातं सगळ्या बाजूंनी सारखंच कापतं, त्याला पाठ नाही आणि वेगळी धारही नाही.

आणि इंग्रजीतल्या 'पॅरी'ला (वार अडवण्याला) आवाजाच्या साम्यावरून 'परजणे' लावू नका. तलवार परजणे म्हणजे ती उगारून, फिरवून दाखवणे. चार हातांत चार सेबर गरगरा फिरवत ग्रीव्हस पुढे येतो, तेव्हा तो परजत असतो. अडवायचं काम अजून सुरूच झालेलं नसतं.