वाचक विचारतात : लळिंगच्या किल्ल्यावर पालख्या आल्या होत्या का?

प्रश्न : नमस्कार, मी धुळ्याची. मालेगावहून येताना हायवेवर लळिंगचा किल्ला दिसला की आमची आजी हमखास सांगायची, की या किल्ल्यात पालख्यांत बसून शिपाई घुसले आणि राजाला मारलं. आता माझा मुलगा विचारतो हे खरं का, आणि मला काही सांगता येत नाही. वर बघण्यासारखं काही उरलंय का? मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला नेता येईल का?

उत्तर : ताई, आजीची गोष्ट विसरू नका, तिच्यात फक्त किल्ल्याचं नाव बदललंय. पालख्या गेल्या त्या असीरगडावर, बुऱ्हाणपूरजवळच्या, जो आज मध्य प्रदेशात असला तरी जुन्या खानदेशातलाच. पण आजीच्या तोंडी लळिंग आलं ते उगाच नाही, कारण त्या पालख्यांचं निमित्तच लळिंग होतं.

झालं असं की 1370 मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकानं मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली, तिथून खानदेशात फारुकी घराण्याचा अंमल सुरू झाला. तो 1399 मध्ये वारला तेव्हा थाळनेर गेलं धाकट्या मुलाकडे आणि थोरल्या नसीरच्या वाट्याला आलं लळिंग. नसीरचा डोळा होता असीरगडावर, तिथं आसा अहिर नावाचा मोठा गुराढोरांचा धनी राहायचा. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की नसीरनं आसाला निरोप धाडला, आजूबाजूचे राजे माझ्यावर उठलेत, लळिंगला माझी बायकामुलं सुरक्षित नाहीत, तुमच्या गडावर ठेवून घ्या. आसानं भरवसा ठेवला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखर बायकाच आल्या, दुसऱ्या दिवशीच्या दोनशे डोल्यांत हत्यारबंद शिपाई होते, आणि पाहुण्यांचं स्वागत करायला आलेला आसा आणि त्याची मुलं तिथंच मारली गेली. फरिश्त्यानं हे लिहिलं ते दोनशे वर्षांनी, त्यामुळे डोल्यांचा आकडा कमीजास्त समजा. पण मला विचाराल तर यात सगळ्यात वाईट वाटतं ते आसाचं, घर उघडून दिलं हाच त्याचा गुन्हा.

पुढचं मात्र मुलाला नक्की सांगा, कारण लळिंगची खरी गोष्ट तीच आहे आणि ती कुणी सांगत नाही. नसीरनं तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवलं, मोठा झाला, मुलगी बिदरच्या बहमनी घराण्यात अलाउद्दीन अहमदशाहला दिली. सुलतानानं दुसरी राणी केली, मुलीचे हाल व्हायला लागले, तिनं बापाला कळवलं आणि म्हाताऱ्या नसीरनं चिडून बहमनींच्या ताब्यातल्या वऱ्हाडावर स्वारी केली. बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जारनं त्याला रोहिणखेडला हरवलं, मग बुऱ्हाणपूर लुटलं, जाळलं, आणि नसीर पळत पळत आला कुठं तर लळिंगला, जिथून निघाला होता तिथंच. इथंही हरला आणि त्याच वर्षी, 1437 मध्ये गेला. त्याला पुरलं थाळनेरला, शिरपूर तालुक्यात फारुकींच्या कबरी आहेत तिथं. म्हणजे ज्या लळिंगला तो असुरक्षित म्हणाला होता, शेवटी आसरा त्यालाच तिथं घ्यावा लागला.

आता वर काय आहे. वाडे पडलेत, तटबंदी तुकड्या-तुकड्यांत उभी आहे, बुरूज आहेत, दरवाजाचे अवशेष आहेत, त्यावर मी फार रेंगाळत नाही. तुम्ही बघा ती पाण्याची टाकी. कातळात खोदलेली, काहींना आत खांब सोडलेत, म्हणजे वरचं छप्पर डोंगराचंच आणि ते पेलायला मधे दगड तसाच ठेवलाय. मुलाला कडेला बसवून भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा दाखवा, तिरप्या, जवळजवळ, एकाच हाताच्या वाटतात. आपल्या खानदेशातलं मे महिन्याचं ऊन माहितीय ना, उघड्या तळ्यातलं पाणी बघता बघता उडून जातं, म्हणून पाणी असं डोंगराच्या पोटात सावलीत ठेवायचं, आणि खोदताना निघालेला दगड बांधकामाला कामी यायचा. माझ्या मते किल्ला म्हणजे हीच टाकी, पाणी संपलं की तट कितीही जाड असो, उपयोग काय त्याचा!

चढण लळिंग गावातूनच आहे, धुळ्यापासून जेमतेम दहा किलोमीटर. पायथ्याचं जुनं हेमाडपंती महादेव मंदिर चुकवू नका, ते फारुकींच्याही आधीचं. नऊ वर्षांचा मुलगा आरामात चढेल, फक्त टाक्यांपाशी हात सोडू नका, काठ शेवाळानं निसरडे असतात. पाऊस उघडल्यावर ते थंडीपर्यंत कधीही जा, सकाळी लवकर निघा, पाणी घरूनच घ्या, टाक्यातलं पिऊ नका, आणि भाकरी-ठेचा बांधून घेतलात तर बुरुजावर बसून खाता येईल, तिथून खाली आग्रा रोडवरचे ट्रक मुंगीएवढे दिसतात.